कव्हरच्या आतली माणसं

कॅनडातल्या एडमंटन शहरात, अल्बर्टा विद्यापीठाच्या संग्रहात, न्यूयॉर्कच्या फोकवेज कंपनीच्या रेकॉर्डचा अख्खा संच आहे. 2,168 रेकॉर्ड. कंपनीचे संस्थापक मोझेस अॅश यांनी तो 1985 मध्ये विद्यापीठाला देऊन टाकला. त्यांचा मुलगा मायकेल तिथे मानववंशशास्त्र शिकवत असे. या संचात जगभरचं संगीत आहे, वाफेच्या इंजिनांचे आवाज आहेत, बेडकांच्या डरावण्याचीही एक रेकॉर्ड आहे. या गर्दीत कॅनडाची स्वतःची जुनी गाणी शोधायला थोडा धीर लागतो. सापडली की मात्र माणूस तिथून हलत नाही.

फोकवेजची रेकॉर्ड हाताला लगेच ओळखू येते. जाड, काळ्या पुठ्ठ्याचं कव्हर आणि त्यावर पुढून मागे वळवून चिकटवलेला छापील कागद. आत रेकॉर्डसोबत एक पुस्तिका. खरा ऐवज तिच्यात. गाण्याचे शब्द, गाणाऱ्याचं नाव, गाव, कामधंदा, आणि ते गाणं त्याच्याकडे कुठून आलं याची हकिगत. कमी वापरलं जातं म्हणून एखादं अक्षर कुणी शब्दकोशातून काढून टाकत नाही, असं अॅश म्हणत. न खपणारी रेकॉर्डही त्यांनी यादीत ठेवली. त्यांच्या निधनानंतर, 1987 मध्ये, स्मिथसोनियन संस्थेने कंपनी घेतली, तीही एकही रेकॉर्ड बंद पडू द्यायची नाही या अटीवर.

अशीच एक 1961 ची रेकॉर्ड ओ. जे. अॅबट यांची. ते 1872 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले, लहानपणीच कॅनडात आले आणि ओटावा नदीच्या खोऱ्यात शेतांवर, जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या तळांवर राबले. तिथली माणसं शरद ऋतूत जंगलात शिरत, हिवाळाभर पाइनची झाडं पाडत आणि वसंतात बर्फ वितळलं की ओंडके नदीत सोडत. मधल्या लांबलचक रात्रींना करमणूक एकच, एकमेकांची गाणी. लोकगीतांच्या संकलक एडिथ फाउक यांनी 1957 मध्ये टेपरेकॉर्डर समोर ठेवला तेव्हा अॅबट 85 वर्षांचे होते, आणि तरुणपणी कानावर पडलेली ती गाणी त्यांना अजून पाठ होती. ऑन्टॅरिओत लोकगीतं फारशी उरलेली नाहीत, असा तोवर सगळ्यांचा समज. फाउक यांनी तो साफ खोटा ठरवला.

अॅबट यांचं गाणं कोणत्याही साथीशिवायचं. वाद्य नाही, ठेका नाही. गोष्ट सांगावी तसा एकटा म्हातारा आवाज. या तळांवरच्या गायकांची एक लकब होती: शेवटचे शब्द गायचे नाहीत, नुसते बोलायचे. सूर सोडून गायक एकदम साध्या बोलीत उतरतो आणि गाणं संपल्याचं ऐकणाऱ्याला कळतं. कोणताही कसलेला स्टुडिओ-गायक हे इतक्या सहजतेने करू शकेल असं वाटत नाही.

पूर्वेला, नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, हेलन क्रेटन यांनी 1928 मध्येच गाणी गोळा करण्याची ही वाट धरली होती. सोबत मेलोडियन नावाची छोटी पेटी, चाली टिपून घेण्यासाठी. गाडीरस्ता नसला की ती पेटी एकचाकी ढकलगाडीवर ठेवून त्या स्वतः ढकलत न्यायच्या. हॅलिफॅक्स बंदराच्या तोंडाशी असलेल्या डेव्हिल्स आयलंडवर बेन हेनबेरी नावाचे कोळी त्यांना भेटले. या एका माणसाकडे डझनावारी लांब कथागीतं होती. पुढे, 1943 मध्ये, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने क्रेटन यांना ध्वनिमुद्रणाचं यंत्र वापरायला दिलं. त्यांच्या संग्रहातून निवडलेली रेकॉर्ड फोकवेजने 1956 मध्ये काढली.

आणि माँट्रियलचे जाँ कारिन्याँ! टॅक्सी चालवून पोट भरणारे हे फिडलवादक. हात फिडलवर आणि बसल्या जागी पायांचा ताल जमिनीवर, ही क्वेबेकची जुनी रीत.

सगळ्यात जास्त वेळ थांबावं ते मात्र इडा हाल्पर्न यांच्या रेकॉर्डपाशी. व्हिएन्नाच्या या ज्यू संगीतशास्त्रज्ञ नाझींपासून जीव वाचवून शांघायमार्गे 1939 मध्ये व्हँकूव्हरला पोचल्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकावाक्व समाजाचे प्रमुख बिली असू आणि मंगो मार्टिन यांचा विश्वास मिळवायला त्यांना काही वर्षं लागली. ते साहजिकच होतं. या समाजाचा पॉटलॅच हा सोहळा, ज्यात ही गाणी गायली जातात, सरकारने 1885 पासून गुन्हा ठरवला होता. 1921 च्या एका पॉटलॅचनंतर माणसं तुरुंगात गेली, मुखवटे जप्त झाले. बंदी उठली 1951 मध्ये. हाल्पर्न यांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं 1947 मध्ये. म्हणजे कायदा डोक्यावर असताना असू यांनी आपली गाणी यंत्राच्या हवाली केली. बाहेरच्यांना निरर्थक वाटणाऱ्या त्यातल्या अक्षरांना अर्थ असतो, हे हाल्पर्न यांनी चिकाटीने मांडलं. मार्टिन यांनी तर 1953 मध्ये व्हिक्टोरियात पारंपरिक घर बांधून उघडपणे पॉटलॅच घातला.

या समाजात गाण्याला मालक असतो. ते एखाद्या घराण्याचं असतं, वारशाने मिळतं, आणि कुणीही उठून गावं असं नसतं. फोकवेजने 1967 मध्ये काढलेला संच मात्र आजही ओळखला जातो तो संकलक हाल्पर्न यांच्या नावाने. त्यांचे कष्ट मोठे आहेत, यात शंका नाही. तरीही ग्रंथालयांच्या सूचीत आधी गाणाऱ्याचं आणि त्याच्या घराण्याचं नाव यायला हवं, संकलकाचं त्यानंतर. म्हणजे केप मज किंवा फोर्ट रुपर्ट अशा या समाजाच्या गावांतून आलेल्या एखाद्या मुलीला आपल्या पणजोबांचा आवाज शोधताना व्हिएन्नाच्या विदुषीचं नाव आधी ठाऊक असण्याची गरज पडणार नाही.