बादलचे वजन

बादल हा आमच्या घरचा ससा. त्याचा रंग पावसाळी ढगासारखा करडा आहे, म्हणून माझ्या मुलाने, इम्रानने, त्याचे नाव 'बादल' ठेवले. तो आमच्या घरी आला तेव्हा माझ्या दोन तळहातांवर मावत होता. आता त्याला आठ वर्षे झाली आहेत. पाळीव ससा साधारणपणे आठ ते बारा वर्षे जगतो. म्हणजे आमचा बादल आता म्हातारा झाला आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका रविवारी सकाळी पिंजरा साफ करण्यासाठी इम्रानने बादलला उचलले आणि तो म्हणाला, "अब्बू, बादल हलका झाला आहे."

मी बादलकडे पाहिले. तो पूर्वीसारखाच गुबगुबीत दिसत होता. "तुला उगीच वाटते," मी म्हणालो.

अम्मी म्हणाल्या, "बेटा, त्याचे वय झाले आहे. म्हातारपणी माणूसही वाळतो. हा तर ससा."

पण इम्रानला ते पटले नाही. बादलची नखे कापायला आम्ही त्याला एकदा डॉक्टरांकडे नेले होते. तेव्हाचा कागद इम्रानने कपाटातून शोधून काढला. त्यावर वजन लिहिले होते : २ किलो १०० ग्रॅम.

आम्ही बादलला टोपलीत घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेले. दुकानदार चाचा हसू लागले. "सर, आज काय विकायला आणले?" ते म्हणाले. तरी त्यांनी आधी रिकामी टोपली काट्यावर ठेवली, मग बादलसह टोपली ठेवली. हिशेब केला. वजन निघाले १ किलो ९५० ग्रॅम.

"दीडशे ग्रॅमच तर कमी झाले," मी म्हणालो आणि विषय सोडून दिला. इम्रानने मात्र एका जुन्या वहीत तारीख आणि वजन लिहून ठेवले. दर रविवारी, सकाळी, खाणे देण्यापूर्वी, त्याच काट्यावर तो बादलचे वजन करू लागला. दुसऱ्या रविवारी १ किलो ९२० ग्रॅम भरले. तिसऱ्या रविवारी १ किलो ८८० ग्रॅम.

त्या रात्री मी ती वही हातात घेतली. वर्गात मुलांना शेकडेवारी शिकवणारा मी, पण घरचे गणित मी केलेच नव्हते! २१०० ग्रॅममधून २२० ग्रॅम गेले, म्हणजे शेकडा दहापेक्षा जास्त. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो वजन असे उतरले असते, तर आम्ही स्वस्थ बसलो असतो का? मला माझीच लाज वाटली.

मग मी बादलला खाताना नीट पाहिले. तो खाण्याजवळ धावत येई, कोथिंबिरीची काडी तोंडात घेई आणि अर्धवट चावून खाली टाकी. गवताला तर तो तोंडच लावत नव्हता. त्याची हनुवटी ओली होती. त्याच्या लेंड्याही बारीक झाल्या होत्या. हे सारे आमच्या डोळ्यांसमोर घडत होते, पण दाट केसांमुळे त्याचे हाडकुळे अंग आम्हाला दिसलेच नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही टॅक्सीने परळला गेलो. १८८६ साली स्थापन झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे. त्याच आवारात प्राण्यांचे जुने आणि मोठे रुग्णालय आहे. डॉक्टरांनी इम्रानची वही पाहिली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ही वही आणलीत, फार चांगले केलेत," त्या म्हणाल्या.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. सशाला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. गवत खूप वेळ चघळल्याने ते झिजतात. बादलच्या दाढा वेड्यावाकड्या वाढल्या होत्या. त्यांची टोके जिभेला टोचत होती. त्याला भूक होती, पण खाता येत नव्हते.

"मग तो कधी ओरडला कसा नाही?" इम्रानने विचारले.

"ससा हा शिकार होणारा प्राणी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दुबळेपणा दिसला, तर शत्रू आधी त्यालाच पकडतो. म्हणून तो आपले दुखणे लपवतो. सशाने एक दिवस जरी काही खाल्ले नाही, तरी त्याचे पोट बंद पडू शकते. तेव्हा वाट पाहू नका."

गुंगीचे औषध देऊन त्यांनी दाढांची टोके घासून काढली. घरी आल्यावर काही दिवस आम्ही त्याला पातळ खाणे पिचकारीने थोडे थोडे भरवले. 'म्हातारपण आहे' असे म्हणणाऱ्या अम्मीच रात्री उठून त्याला भरवत होत्या. पाव आणि गाजर कमी केले, सुके गवत वाढवले. चार रविवारांत वहीत आकडे आले : १९००, १९४०, १९७०, १९९०.

२१०० हा आकडा पुन्हा आला नाही. कदाचित येणारही नाही. म्हातारपण खरे आहे, ते कोणालाच टळत नाही. पण प्रत्येक दुखण्याला म्हातारपण हे एकच नाव देऊन मोकळे होणे बरे नव्हे. दाढेचे दुखणे बरे होण्यासारखे होते आणि आम्ही ते वयाच्या नावावर लिहून टाकले होते.

ज्याला बोलता येत नाही, त्याला उर्दूत आपण 'बेजुबान' म्हणतो, मराठीत 'मुका' म्हणतात. मुका जीव आपले दुःख सांगत नाही. आपणच ते विचारावे लागते. आमच्या घरी दर रविवारी सकाळी इम्रान टोपली उचलतो आणि बादलला तोच प्रश्न विचारतो. बादलचे उत्तर त्या जुन्या वहीत ग्रॅममध्ये लिहिलेले असते.