सोनं, चिखल आणि पाण्याची धार

अमेरिकेहून परत आलं की ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'मग, काय काय बघितलंस?' मी 'नेवाडा काउंटी' म्हटलं की समोरचा डोळा मिचकावतो. 'म्हणजे वेगास! किती हरलीस?'

बाबांनो, वेगास नेवाडा राज्यात. मी सांगतेय ती नेवाडा काउंटी कॅलिफोर्नियात आहे आणि तिनं हे नाव त्या राज्याच्या आधी, १८५१ मध्येच घेतलंय. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीनं अडीच-तीन तास. इथे कसिनो नाहीत, पण जुगार मात्र भरपूर खेळला गेलाय. जमिनीशी, डोंगराशी आणि नदीशी.

फ्रीमाँटला राहणाऱ्या माझ्या आतेभावाला एक वीकएंड रिकामा होता. 'गोल्डन गेट आणि डिस्नेलँड सोडून कुठेही ने,' अशी माझी अट होती. ऑबर्नला मोठा हायवे सोडला आणि ४९ नंबरच्या रस्त्याला लागलो. १८४९ साली सोन्यासाठी जगभरातून इथे धावत आलेल्या माणसांवरून या रस्त्याला हा नंबर मिळालाय. दोन्ही बाजूंना उंच पाइन, लाल माती. क्षणभर महाबळेश्वरच्या घाटात असल्यासारखं वाटलं.

पायाखाली मैलभर

पहिला मुक्काम ग्रास व्हॅली. १८५० मध्ये इथे गारगोटीच्या खडकात सोनं सापडलं आणि त्याच साली एम्पायर माइन सुरू झाली. ती १९५६ पर्यंत चालली. या १०६ वर्षांत खाणीनं सुमारे ५८ लाख औंस सोनं दिलं. आता तिथे स्टेट पार्क आहे.

वर सगळं एकदम देखणं. मालक बोर्न यांचा दगडी बंगला, गुलाबाची बाग, कारंजं. बंगला विलिस पोक या नामवंत आर्किटेक्टनं १८९७ मध्ये बांधला. पण बागेपासून थोडं चाललं की शाफ्टचं तोंड येतं. जाळीपाशी उभं राहून खाली पाहिलं तर रूळ तिरके तिरके अंधारात उतरत जातात. हा उतार ११,००७ फूट लांब आहे, म्हणजे सरळ खाली मोजलं तर जवळपास मैलभर. आत एकूण ३६७ मैल बोगदे. पुणे ते नागपूर अंतर सुद्धा याहून फार जास्त नाही! त्या बोगद्यांचं एक मॉडेल इथे आहे. खाण चालू असताना ते कुलूपबंद खोलीत असायचं, कारण सोन्याची शीर कुठे जाते हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

सोन्याचा भाव सरकारनं औंसाला ३५ डॉलरवर बांधून ठेवलेला, खर्च मात्र वाढतोय, त्यात १९५६ चा संप. पंप बंद झाले आणि बोगदे पाण्यानं भरले. सोनं खाली अजून आहे, असं इथला प्रत्येक माणूस तुम्हाला सांगतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

या खाणीत राबणारे बहुतेक लोक इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले. त्यांना इथे 'कझिन जॅक' म्हणत. का, तर मुकादमानं आणखी एक माणूस मागितला की प्रत्येकजण म्हणायचा, 'माझा चुलतभाऊ जॅक आहे ना गावाकडे!' कोकणातल्या एका चाकरमान्यानं गिरणीत चिकटून मग अख्खी वाडी मुंबईला आणावी, तसाच हा प्रकार. त्यांची पेस्टी आजही गावात मिळते. करंजीची थोरली बहीणच म्हणा. मैद्याच्या जाड पारीत मांस, बटाटा, कांदा. खाणीत डब्याशिवाय नेता येईल असं जेवण. गरमागरम खाल्ली तर एकीतच पोट भरतं.

माणसानं केलेली दरी

दुसऱ्या दिवशी सकाळी नेवाडा सिटीहून मालाकॉफ डिगिन्स गाठलं. वळणं घेत झाडीतून जाताना दादा नुसताच हसत होता. मग एकदम समोर केशरी, पांढरे, गंजासारखे लाल कडे उभे राहिले.

'मिनी ग्रँड कॅन्यन!' मी कॅमेरा काढला.

'तो नदीनं केला,' दादा म्हणाला. 'हा माणसांनी. तेही साधारण तीस वर्षांत.'

माझा क्लिक तिथेच थांबला. खड्ड्याची लांबी सुमारे ७,००० फूट, रुंदी ३,००० फूट आणि खोली जिथे जास्त आहे तिथे ६०० फुटांच्या आसपास.

१८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटिसननं खोदण्याऐवजी पाण्याची जोरदार धार टेकडीवर सोडून पाहिली. पुढे कॅनव्हासच्या पाइपांच्या जागी 'मॉनिटर' नावाच्या लोखंडी तोफा आल्या. उंच डोंगरातल्या तलावांतून कालव्यांनी मैलोनमैल पाणी आणायचं आणि तोफेतून कड्यावर मारायचं. कडा ढासळायचा, चिखल लाकडी पन्हळींमधून वाहायचा. त्यातलं सोनं पाऱ्याला चिकटायचं. बाकीचा डोंगर? तो युबा नदीत.

ही माणसं मागासलेली वगैरे अजिबात नव्हती. बेलच्या टेलिफोनला जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हा, १८७८ मध्ये, पाण्यावर लक्ष ठेवायला त्यांनी इथे सुमारे साठ मैलांची टेलिफोन लाइन टाकली. जगातल्या पहिल्या लांब पल्ल्याच्या लाइन्सपैकी ही एक. तंत्रज्ञान एकदम लेटेस्ट. चिखलाचं काय करायचं, एवढंच कुणी विचारत नव्हतं.

विचारलं ते खालच्या शेतकऱ्यांनी. नदीचं पात्र गाळानं वर वर येत गेलं, पूर वाढले, शेतं आणि फळबागा गाडल्या गेल्या. मेरीझव्हिल गावाला स्वतःभोवती बांध घालून घ्यावा लागला. तिथल्या एडवर्ड्स वुडरफ या मालमत्तादारानं नॉर्थ ब्लूमफील्ड खाण कंपनीवर खटला भरला. जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला, की खाणीचा गाळ नदीत सोडायचा नाही. धार मारायला बंदी नव्हती. पण गाळ टाकायचा कुठे? तोफा थंड पडल्या. पर्यावरणासाठी अमेरिकेत दिल्या गेलेल्या सुरुवातीच्या मोठ्या निकालांमध्ये हा मोजला जातो.

त्यातला बराच गाळ वाहत वाहत थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत गेला. पाराही गेला. तो अजून तिथल्या गाळात आणि माशांत सापडतो. दादाचं घर खाडीच्या काठाकडे. तो म्हणाला, 'म्हणजे आपण वीकएंडला आमच्या मागच्या चिखलाचं मूळ गाव बघायला आलो तर!' दोघंही हसलो. पण नंतर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

तीच धार, दुसरं काम

परतताना ग्रास व्हॅलीत नॉर्थ स्टार खाणीचं जुनं पॉवरहाउस पाहिलं. आत तब्बल तीस फूट व्यासाचं लोखंडी चाक. कडेला वाट्या बसवलेल्या. हे पेल्टन व्हील.

लेस्टर पेल्टन शेजारच्या युबा काउंटीतल्या कॅम्पटनव्हिलचा कारागीर. पाण्याची धार वाटीच्या मधोमध आदळली तर तिचा जोर वाया जातो. त्यानं वाटीच्या मध्ये कणा घातला. धार दोन भागांत फुटून मागे वळते आणि जवळपास सगळा जोर चाकाला देते. १८८० मध्ये पेटंट, १८८३ मध्ये ग्रास व्हॅलीच्या आयडाहो खाणीत झालेल्या स्पर्धेत पहिला नंबर. म्हणजे डोंगर पाडणाऱ्या धारेचं तंत्रच चाक फिरवायला लागलं.

इथे मला घर आठवलं. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार केली आणि मुंबईच्या गिरण्या चालवल्या. ती पेल्टन चाकांवरच. कोयनेतही पेल्टनच. घाटातून जाताना दिसणारे ते जाडजूड पाइप मी लहानपणापासून बघत आलेय. त्यांचं हे आजोळ मला माहीतच नव्हतं!

पुन्हा सोनं?

आता ती लक्षात ठेवलेली गोष्ट. १९५६ मध्ये बंद झालेली इथली आयडाहो-मेरीलँड खाण पुन्हा उघडायचा प्रस्ताव एका कंपनीनं आणला होता. नोकऱ्या मिळणार होत्या. पण पाणी उपसलं तर आमच्या विहिरींचं काय, असं लोकांनी विचारलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये काउंटीच्या पाचही सुपरवायझर्सनी एकमतानं 'नाही' म्हटलं.

ज्या गावाचं चर्च, थिएटर, हॉटेल, बाग सगळं सोन्यानं उभं केलं, त्यानं सोन्याला नाही म्हणणं सोपं नसणार. आणि एक हिशेब तर राहूनच गेलाय. ही सगळी जमीन मुळात निसेनान लोकांची. सोन्याच्या गर्दीत ते देशोधडीला लागले, आणि १९६४ मध्ये सरकारनं त्यांची उरलीसुरली वसाहतही कागदावरून काढून टाकली. कारंज्याजवळचे फोटो बघताना मला आता हे सगळं त्याच फ्रेममध्ये दिसतं.

पुढच्या वेळी बे एरियात कुणाकडे उतरलात तर एक वीकएंड राखून ठेवा. वेगास कुठे पळून जात नाही.

जाणार असाल तर...

कसं जाल : सॅन फ्रान्सिस्कोहून इंटरस्टेट ८० ने ऑबर्न, तिथून हायवे ४९. स्वतःची गाडी हवीच. मालाकॉफला निघण्याआधी टाकी फुल करा.

काय बघाल : एम्पायर माइन, मालाकॉफ आणि शेजारचं नॉर्थ ब्लूमफील्ड गाव (जुनं नाव हम्बग, म्हणजे चक्क थापेबाजी!), नेवाडा सिटीतलं १८६५ चं नेवाडा थिएटर, युबा नदीवरचा १८६२ चा छप्पर असलेला लाकडी पूल. नॉर्थ स्टारचं म्युझियम साधारण उन्हाळ्यातच उघडं असतं.

काय खाल : पेस्टी. आत काय आहे ते आधी विचारा.