दांड्यासकट

मुलाने आम्हां दोघांसाठी अमेरिकेत घर घेतले, असे मी पुण्यात चारचौघांत सांगत असे. ते चाकांवरचे आहे, एवढे मात्र सांगत नसे.

मोटारीमागे जोडून न्यायचा ट्रेलर तो. आत पलंग, शेगडी आणि मुख्य म्हणजे कमोड. हिच्या गुडघ्यांमुळे तंबूत जमिनीवर निजणे अशक्य. म्हणून हा सारा खटाटोप. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत 'अप्पर पाइन्स' नावाचा मुक्कामाचा तळ आहे. तिथली जागा पाच महिने आधी, पंधरा तारखेला सकाळी सातच्या ठोक्याला राखायची. पाहता पाहता संपते. चिरंजीवांनी तीन रात्री पटकावल्या, त्या दिवशी घरात श्रीखंड झाले.

निघण्याच्या आधीच्या शनिवारी मी सहज नियम वाचत बसलो. (नियम वाचणे ही आमच्या पिढीची खोड; सूनबाईंच्या मते व्याधी.) लिहिले होते: स्वतः चालणारी घरगाडी ३५ फुटांपर्यंत, ओढायचा ट्रेलर २४ फुटांपर्यंत.

"आपला केवढा रे?"

"बावीस, बाबा. त्याच्या नावातच आकडा आहे."

नुसत्या नावावर विसंबून कुणी मुलगी तरी देतो का? टेप घेऊन मी अंगणात गेलो. पुढच्या दांड्याच्या टोकापासून मागच्या बंपरपर्यंत भरले २६ फूट २ इंच! नावातला आकडा नुसत्या खोलीचा. बैलगाडी मोजताना जू-दांड्या सोडून साटीच मोजावी, तसला प्रकार. जागा राखताना धरायची ती सगळी लांबी, दांड्यासकट.

"दोन फुटांनी काय होतंय? ढकलू मागे!"

पण मागे झाड असते, तेच तर कारण. पूर्वी तिकडे लोक मनाला येईल तिथे मोटारी घालीत आणि झाडांची मुळे चिरडीत. मायनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने १९३२ साली तोडगा सुचवला: एकेरी रस्त्याचे वळसे आणि त्यांना फुटलेले आखूड फाटे, प्रत्येक बिऱ्हाडाला एक. त्या धर्तीवर पुढे कितीतरी तळ आखले गेले. फाटा आखूड तो आखूडच. दोन फूट जास्त झाले, की बुंध्याला धडक तरी किंवा रस्त्यात नाक तरी. शिवाय ओढणारी मोटारही तिथेच उभी करायची.

चिरंजीव पायरीवर बसून राहिले. त्याच दरीतल्या 'लोअर पाइन्स' तळावर ३५ फुटी ट्रेलरही चालतो. पण तिथे एक जागा उरली असेल तर शपथ. पोराचा चेहरा पाहून टेप काढल्याचा मलाच पश्चात्ताप झाला.

एवढ्यात ही चहा घेऊन बाहेर आली. सगळे ऐकून घेतले.

"अरे, आपल्या जागेवर तंबू चालतो ना? मग गॅरेजातली ती घडीची खाट घे बरोबर, म्हणजे झालं. आणि अहो, आधी ती मोजा."

खाट सव्वासहा फूट निघाली. तंबू आठ.