मागच्या काचेची टिपणे

सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे पारा ४२ ते ४४ अंशांच्या घरात. भर दुपारी सात रस्त्याला उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडलं की आतली झळ तोंडावर येते, स्टिअरिंगला हात लावता येत नाही. सेडान असेल तर मागच्या उतरत्या काचेतून येणारं ऊन थेट मागे बसलेल्या पोरांच्या मानेवर पडतं. इथले लोक काचेवर लावायच्या फिल्मची चौकशी करतात ती बहुतेक गरजेपोटीच. आणि फिल्म मारणाऱ्याचा हात कसा आहे, हे दाराच्या काचांवरून कळत नाही. ते मागच्या काचेवर कळतं.

*

दाराची काच बहुतेक एकाच अंगाने वाकलेली असते. तिच्यावर सपाट फिल्म बसते. मागची काच डावी-उजवीकडे वाकते आणि वर-खालीही. घागरीवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवून पाहा. मधे बसेल, कडेला चुण्या पडतील. फिल्मचं तसंच होतं. मधला भाग काचेला टेकतो आणि कडांना जास्तीचा माल उभा राहतो, फुगीर घड्या होतात. या घड्या पट्टीने दाबून जात नाहीत. दाबल्या तर मोडतात, आणि मोडलेली रेघ कायमची राहते. तो जास्तीचा माल नाहीसाच व्हावा लागतो, आणि ते काम उष्णतेचं आहे.

बोलेरो, वॅगनआर यांच्या मागच्या काचा जवळपास सपाट, म्हणून नव्या पोराला आधी त्या देतात. व्हर्ना किंवा सिटीसारखी सेडान आली की उस्ताद स्वतः उठतो.

*

फिल्म म्हणजे पॉलिस्टर. कारखान्यात तिला तापवून ताणतात आणि त्याच ताणात गार करतात. तो ताण तिच्यात साठून राहतो. पुन्हा ऊब मिळाली, साधारण ७०-८० अंशांच्या वर, की ती मूळच्या मापाकडे परतू लागते. आकसणं म्हणजे एवढंच.

मात्र फिल्म सगळीकडे सारखी आकसत नाही. मुख्यतः रोलच्या लांबीच्या दिशेने आकसते, रुंदीच्या दिशेने जवळपास नाहीच. सगळी मेख इथे आहे. घडीची रेघ रोलच्या लांबीला आडवी पडली तरच ती विरते. रोल काचेवर डावीकडून उजवीकडे उलगडला असेल, तर उभ्या घड्या विरतील, आडव्या नाहीत. म्हणून कसबी माणूस हीट गन हातात घेण्याआधी सगळा फुगवटा वरच्या आणि खालच्या कडेला सारून घेतो. फिल्म उलट्या दिशेने कापली असेल तर दिवसभर गन फिरवली तरी उपयोग नाही. तो तुकडा वाया गेला असं समजायचं.

*

घडाई बाहेरून होते, चिकटवणं आतून. प्रथम पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं. फिल्म काचेच्या बाहेरच्या अंगावर पसरतात, चिकट बाजूवरचा पारदर्शक कागद वर, आपल्याकडे ठेवून. तिथेच तिला काचेचा बाक देतात, कडा कापतात, आणि मग तीच फिल्म न उलटवता आत नेतात. कागद सोलला की चिकट बाजू आपोआप काचेकडे येते. हे गणित पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आलं असेल त्याला मानलं पाहिजे.

*

ओली पद्धत: काचेवर शाम्पूचं पाणी, त्यावर फिल्म, मधून पट्टी मारून पाणी काढायचं, घड्या वेगळ्या करायच्या आणि एकेक घडी गनने बसवायची. एका मोठ्या घडीच्या दोन लहान करायच्या, दोनाच्या चार. बारीक घडी लवकर विरते.

कोरडी पद्धत: काचेवर टाल्कम पावडर चोळायची, म्हणजे फिल्म अडखळत नाही, सरकत राहते. मग ओल्या स्पंजने मधोमध एक आडवी रेघ आणि दोन्ही कडांना दोन उभ्या. फिल्म तेवढ्या ओलीवर धरून राहते, बाकीची मोकळी. वरून गन लांबून, झाडू फिरवल्यासारखी, सतत हलती. मोकळा भाग स्वतःहून खाली बसतो.

मला विचाराल तर आपल्या हवेला कोरडीच बरी. उन्हाळ्यात ओलं काम निम्म्यावर असतानाच पाणी उडून जातं. कोरड्या पद्धतीत आकसणं सगळ्या पृष्ठावर विभागलं जातं, एका घडीवर मारा होत नाही. शेवटी पाणी मारून पट्टीने तपासायचं, उरलेली एखाददुसरी घडी तेव्हा निघते.

*

विजापूर रोडलगतच्या एका लहान दुकानात पाहिलेलं. उस्तादाच्या डाव्या हाताच्या बोटांनी फिल्मची कड जेमतेम टेकवलेली, उजव्या हातात गन. घडीवर झळ लागली की तिच्या टोकाला आधी बारीक थरथर होते, मग फुगवटा उतरत जातो आणि फिल्मवर क्षणभर संत्र्याच्या सालीसारखे ठिपके दिसतात. तिथेच गन बाजूला. आणखी थोडा वेळ धरली तर फिल्म पांढुरकी पडते, चुरगळते. गन सरली की लगेच पट्टीचा एक हलका हात, फिल्म ऊन आहे तोवर.

शिकाऊ पोरगा कड ओढत होता. उस्ताद म्हणाला, "ओढू नको बे. ओढून काय होणार? तिला बसू दे की."

माझ्याकडे वळून म्हणाला, "ओ मालक, नवी पोरं ताकद लावतात. हितं ताकद लागत नाही, दम लागतो."

*

मागची काच टफन्ड असते. फुटली की एकदम सगळी, बारीक बारीक तुकड्यांत. तिला एका जागी जास्त तापवणं धोक्याचं, कडेला तर विशेष. डिसेंबरच्या सकाळी काच थंड असताना एकदम गन लावू नये. आधी लांबून सगळी काच कोमट करावी. मे महिन्यात याच्या उलट: उन्हातून आलेल्या गाडीवर लगेच गार पाणी मारू नये, अर्धा-पाऊण तास सावलीत उभी करावी. जी दुकानं सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर काम घेतात, त्यांच्याकडे काम चांगलं होतं असा माझा अनुभव आहे.

*

पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी बोअरवर भागवतात. जड पाणी फिल्मखाली वाळलं की क्षारांचे ठिपके राहतात आणि ते पुसायला आत हात जात नाही. स्प्रेच्या बाटलीत जारचं किंवा फिल्टरचं पाणी भरलेलं असावं.

टॉवेलचंही तसंच. आपल्या गावचा टॉवेल मागच्या सीटवर आणि स्पीकरवर अंथरायला उत्तम, पाणी शोषून घेतो. काच पुसायला मात्र नको. त्याचा एक तंतू फिल्मखाली गेला की तिथे कायमचा बुडबुडा.

*

आतल्या काचेवरच्या तांबूस आडव्या रेघा धुकं घालवणाऱ्या हीटरच्या. काचेवर भाजून बसवलेल्या असल्या तरी ब्लेडने कापल्या जातात. एक रेघ तुटली की तेवढ्या पट्ट्यात धुकं जात नाही. काच साफ करताना रेघांच्या दिशेनेच घासायचं आणि आत ब्लेड चालवायचं नाही. कडा बाहेर कापून घेण्याचं एक कारण हेही आहे.

जुनी फिल्म काढताना खरं नुकसान होतं. वाफेने किंवा गनने ऊब देऊन, कोपऱ्यातून, सावकाश सोलावी लागते. घाईने ओरबाडली तर रेघा तिच्याबरोबर निघतात.

*

ही फिल्म परदेशी वस्तू आहे असं पुष्कळांना वाटतं. गरवारे घराण्याचा पॉलिस्टर फिल्मचा कारखाना छत्रपती संभाजीनगरात आहे, आणि तिथली सन कंट्रोल फिल्म जगभर जाते. या उद्योगाचे संस्थापक आबासाहेब गरवारे मूळचे तासगावचे. मुंबईत त्यांची सुरुवात झाली ती जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीतून. मोटारीपासून निघालेला माणूस मोटारीच्या काचेपर्यंत पोचला, याचा मला फार अभिमान वाटतो.

*

कायद्याचं टिपण, कारण दुकानात ते कोणी नीट सांगत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १००: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, बाजूच्या काचांतून ५० टक्के. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर काचांवर काळी फिल्म लावायलाच मनाई केली. पुढे नियमात 'सेफ्टी ग्लेझिंग'चा, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेल्या काचेचाही, समावेश झाला, १ एप्रिल २०२१ पासून. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, प्रकाशाचं हे प्रमाण राखणारी फिल्म चालेल, असा निर्णय दिला. तो निर्णय केरळचा. आपल्याकडे रस्त्यावर अजूनही वाद होतात.

आता हिशेब. काच स्वतःच थोडी हिरवट असते. समजा तिच्यातून ७५ टक्के प्रकाश जातो आणि तिच्यावर '७० टक्के'ची फिल्म लावली, तर दोन्ही मिळून ७० नाही, ५२.५ टक्के राहतात. गुणाकार होतो. ९० टक्क्यांची फिल्म लावली तरी ६७.५. म्हणजे मागच्या काचेवर कायद्यात बसणारी फिल्म जवळपास पारदर्शकच असावी लागते, आणि काच जास्त हिरवी असेल तर तीही बसत नाही.

*

उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. ती अडवायला काळा रंग लागत नाही. सिरॅमिक फिल्म फिकी असूनही अवरक्त किरण अडवते. स्वस्त रंगवलेली फिल्म काळी दिसते, प्रकाश कमी करते, पण स्वतःच तापते, आणि काही उन्हाळ्यांत जांभळी पडते. सिरॅमिक महाग असते, पण पैसे तिच्यावर घालावेत. रात्री अक्कलकोट रोडला मागून येणारा ट्रक आरशात स्पष्ट दिसला पाहिजे, हे तर आहेच.

*

फिल्म मारून गाडी घरी आणल्यावर काचेवर दुधाळ डाग दिसतात. ते आत राहिलेलं पाणी. उन्हाळ्यात काही दिवसांत जातं, पावसाळ्यात वेळ लागतो. नखाने दाबू नका, तोवर मागच्या काचेचा हीटर लावू नका. आणि फिल्म लावण्याआधी दुकानदाराला तुमच्या कोऱ्या काचेवर प्रकाश मोजणारं मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. ज्याच्याकडे मीटर नाही, त्याच्याकडून मागची काच करून घेऊ नका.