बाराशे रुपयांचा धनादेश

पेढी असो वा दवाखाना, दोहोंचे खरे भांडवल एकच. ते म्हणजे पत. गल्ल्यातील रक्कम एका हंगामात वाढते, दुसऱ्या हंगामात घटते. पत मात्र वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने साठते आणि एखाद्या क्षुल्लक व्यवहारात निघून जाते. मोठ्या शहरात माणूस गर्दीत लपू शकतो. लहान गावात तशी सोय नसते. तेथे डॉक्टरची योग्यता भिंतीवरील पदव्यांपेक्षा चार पिढ्यांच्या अनुभवाने ठरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १९५१ सालचा, आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात. घर शेतकऱ्याचे, परिस्थिती बेताची. मिळेल ते काम करीत त्यांनी शिक्षण घेतले, नागपुरास वैद्यकीय पदवी संपादन केली आणि १९७६ च्या सुमारास महाडनजीकच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर म्हणून ते रुजू झाले. कोकणातील भातशेती, जांभा दगड, पेंढ्याच्या उडव्या, सरपणाचे ढीग ही लाल विंचवाची वसतिस्थाने. विंचू आपण होऊन कोणाच्या अंगावर धावून जात नाही. हाताखाली किंवा पायाखाली सापडला की नांगी मारतो. परंतु त्या नांगीने धडधाकट माणसे आणि लहान मुले काही तासांत दगावत. छातीत पाणी होऊन श्वास कोंडे, तोंडाला फेस येई आणि भोवतीचे आप्त हताशपणे पाहत राहत. मंत्र-उताऱ्यावर विसंबणारे जसे असहाय होते, तसेच पुस्तकांवर विसंबणारे डॉक्टरही. कारण यावरचा खात्रीचा उपाय पुस्तकांतही नव्हता.

उपाय नाही म्हणून हात झटकणे त्या तरुण डॉक्टरास सहज शक्य होते. बदली मागून शहर गाठणेही शक्य होते. त्यांनी तिसरा मार्ग धरला. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, हातापायांचा गारवा यांची तासातासाची नोंद ते ठेवू लागले. चोख व्यापारी रोजमेळ लिहितो, त्याच निष्ठेने. त्या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट हाती आली. नुसत्या असह्य वेदनेने ओरडणारा रुग्ण बहुधा वाचतो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय थंड पडतात, त्याच्या हृदयावर संकट येऊ घातलेले असते. हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले.

पुढील पायरी उपचाराची होती. विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदय थकते. तेव्हा रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी आधीच वापरात असलेले प्राझोसिन हे औषध त्यांनी योजिले. तोंडाने घ्यावयाची ही साधी, स्वस्त गोळी. पूर्वी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस-तीस दगावत. हा उपचार रूढ झाल्यावर ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले.

या कार्याचे श्रेय एकट्याचे नव्हे. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी या संसाराप्रमाणेच रुग्णसेवेतही सहधर्मचारिणी ठरल्या. प्राझोसिनवरील १९८६ चा ‘लॅन्सेट’मधील लेख असो वा २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला विंचूप्रतिविषाचा अभ्यास असो, दोहोंवर पती-पत्नींची नावे शेजारी शेजारी आहेत. प्रयोगशाळांचा थाट नसलेल्या तालुक्याच्या गावातून एका दांपत्याने जगाला हे ज्ञान दिले, ही बाब कुटुंबसंस्थेवर श्रद्धा असणाऱ्या प्रत्येकास अभिमानाची वाटावी.

तथापि या डॉक्टरांची खरी कसोटी विंचवाने घेतली नाही. ती घेतली बाराशे रुपयांनी. २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून त्यांना तेवढ्या रकमेचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णास एम.आर.आय. तपासणीसाठी पाठविले होते, त्याचा हा ‘मोबदला’. रक्कम लहान, रिवाज सर्रास. मुकाट्याने बँकेत भरला असता तर कोणास कळलेही नसते. डॉक्टरांनी तो धनादेश परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे रीतसर तक्रार नोंदविली.

व्यापारी घरांत येथे एक प्रश्न सहज उभा राहील. बाजारात अडत आहे, दलाली आहे. मग डॉक्टरने घेतली तर काय बिघडले? फरक सूक्ष्म आहे, पण मूलभूत आहे. अडत उघड असते. तिचा दर ठरलेला असतो, हिशोबपट्टीवर ती लिहिलेली असते आणि माल आणणारा व घेणारा दोघेही ती जाणतात. तपासणीतील ‘कट’ मात्र ज्याच्या खिशातून जातो त्या रुग्णालाच ठाऊक नसतो. शिवाय व्यापारी भाव सांगतो, तेव्हा गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी चौकशी करू शकते. डॉक्टर तपासणी सांगतो, तेव्हा भयभीत रुग्ण केवळ विश्वास ठेवतो. त्या विश्वासावर अडत लावणे म्हणजे ठेव म्हणून सोपविलेल्या वस्तूतून गुपचूप काढून घेणे होय. ही तपासणी माझ्या आजारासाठी की डॉक्टरच्या लाभासाठी, अशी शंका रुग्णाच्या मनात एकदा शिरली की खरी तपासणीही खोटी वाटू लागते. मग तोटा सगळ्यांचाच होतो.

आपल्याच व्यवसायबंधूंच्या रिवाजाविरुद्ध उभे राहणे सोपे नसते. लहान गावात राहून, त्याच वर्तुळात वावरून ते करणे तर अधिकच कठीण. परंतु ज्याने रात्र रात्र जागून परक्या लेकरांच्या नाडीचा हिशोब ठेवला, त्याला स्वतःच्या वहीत ती एक नोंद खपली नसती.

२०२२ साली भारत सरकारने डॉ. बावस्कर यांना पद्मश्री देऊन गौरविले. तो सन्मान मोठाच. मात्र घरातील मुलाला धंद्यावर बसविताना किंवा मुलीला डॉक्टर करताना वडीलधाऱ्यांनी त्या सन्मानाबरोबर परत केलेल्या धनादेशाची गोष्टही अवश्य सांगावी. लाखांचा मोह टाळणे अनेकांना जमते, कारण तो मोह म्हणून ओळखू येतो. बाराशे रुपये तसे ओळखू येत नाहीत. आणि माणसाची पत बहुधा तेथेच ठरते.