म्हणे

हयात तत्त्वज्ञांत सगळ्यात मोठा कोण, असं कुणी विचारलं की मी बरीच वर्षं बेधडक उत्तर द्यायचो: सॉल क्रिपके. 15 सप्टेंबर 2022 रोजी क्रिपके गेले. आता दुसरं नाव सांगायला हवं, म्हणून विचार करू लागलो आणि भलत्याच ठिकाणी अडलो. इतकी वर्षं मी जे बोलत होतो, ते विधान तरी होतं का?

तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी 1879 मध्ये विधान ओळखण्यासाठी एक खूण वापरली. आशय आडव्या रेघेनं मांडायचा आणि तो खरा आहे असं ठासून सांगायचं असेल, तर तिच्या डाव्या टोकाला छोटी उभी रेघ काढायची. ती नसेल तर आशय नुसता समोर ठेवलेला, त्याची हमी कुणी घेतलेली नाही. नाटकातला नट "माझा मुलगा गेला" म्हणून हंबरडा फोडतो, तेव्हा वाक्य पुरं असतं, पण ती रेघ नसते.

मराठीत ही रेघ पुसायला एक शब्द पुरतो. "पाऊस पडतोय" म्हटलं की जबाबदारी माझी. "पाऊस पडतोय म्हणे" म्हटलं की खिडकीशी उभा असलेला माणूस दुसराच. बोलण्यातला एवढा प्रामाणिकपणा भाषेनंच हाताशी ठेवलाय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन यांचं म्हणणं कडक आहे: जे ठाऊक आहे, तेवढंच विधान करावं. मला ते पटतं. कुणी ठामपणे काही सांगितलं की आपण "तुला कसं ठाऊक?" असंच विचारतो. न्यायदर्शनात तर अनुमानाच्या पहिल्या वाक्याचं नावच प्रतिज्ञा. तिच्यामागून हेतू, म्हणजे कारण, यावाच लागतो.

माझ्याकडे हेतू किती होता? 1970 साली प्रिन्स्टनमध्ये एकोणतीस वर्षांच्या क्रिपकेंनी हातात कागद न घेता दिलेली नामविषयक व्याख्यानं मी पुस्तकरूपात दोनदा वाचली आहेत. त्यांच्या तर्कशास्त्रातल्या सिद्धता मात्र जाणकारांच्या शब्दावर मान्य केल्या. त्याच व्याख्यानांत ते सांगतात की भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन कोण हे धड सांगता न येणारा माणूसही ते नाव उच्चारून फाइनमनबद्दलच बोलतो, कारण नाव माणसामाणसांच्या साखळीतून त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. नाव असं पोचतं. मोठेपणाही तसाच पोचतो असं मी धरून चाललो होतो. आणि "सगळ्यात" या शब्दासाठी तर उरलेलेही सगळे वाचायला हवे होते.

परवा भाचीनं तोच प्रश्न विचारला. म्हटलं, "विल्यमसन मोठे आहेत."

"सगळ्यात?"

"ते मला ठाऊक नाही. मोठे आहेत, हे दाखवतो." त्यांचं 2000 सालचं पुस्तक काढलं आणि विधानावरचं अकरावं प्रकरण उघडून तिच्या हातात दिलं.