फिल्टर

गढ्यातल्या आमच्या गल्लीपुढे मदनमहालच्या टेकडीचे ग्रॅनाइटचे खडक लागतात. धाकटा तिथल्या मातीत छोटी डर्ट बाइक फिरवतो. रविवारी ती धापा टाकू लागली, काळा धूर सोडू लागली. एअर फिल्टर काढला. स्पंज मातीने गच्च भरलेला. डब्याच्या तोंडात फडकं कोंबलं आणि स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुतला. पेट्रोलने सांध्याचा गोंद सुटतो.

‘बाबा, निचोडा ना!’ जबलपूरचं मराठी.

पिळला तर फाटतो. सावलीत वाळल्यावर उजेडात धरला, तर सांध्याला चीर होतीच. तेवढ्यातून गेलेली धूळही पिस्टन-सिलिंडर घासून खाते. नवा आणला, तेल चोळलं, जास्तीचं दाबून काढलं. बारीक धूळ अडते ती त्या तेलाच्या चिकटपणामुळे.

अण्णांनी आयुष्यभर खडी फोडण्याच्या यंत्राजवळ काम केलं, तोंडाला पंचा गुंडाळून. शेवटी जिन्याच्या चार पायऱ्या चढवत नव्हत्या. डॉक्टरांनी त्यांचा एक्स-रे असाच उजेडात धरला होता.

धाकट्याने किक मारली. मी त्याला थांबवून मास्क बांधला.

‘फिल्टर नवा आहे ना?’

‘तो गाडीचा,’ मी म्हटलं.